निजवणारा चीक

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली की तान्ह्या पोराचं काय करायचं, हा वऱ्हाडातल्या मजूर बाईपुढचा जुना प्रश्न. धुऱ्यावरच्या बाभळीला झोळी बांधायची आणि पोर रडू नये म्हणून अफूची बारीकशी गोळी दुधात उगाळून चाटवायची, हा त्यावरचा तितकाच जुना उपाय. म्हाताऱ्या बाया अजून सांगतात, 'पोर कसं गपगार पडून राहायचं.' पडून राहायचं, हे खरं. पण त्याला झोप म्हणता येत नाही.

अफू म्हणजे खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरणारा चीक. आपल्या देशात सरकारी परवान्यानं तिची शेती होते ती मुख्यतः मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे, राजस्थानात आणि थोडी उत्तर प्रदेशात. चिकात बरीच द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य मॉर्फिन. 1805 च्या सुमारास सर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याच्या मदतनिसानं ते वेगळं काढलं. (सावजी रश्शात वाटून घातलेली किंवा अनारशाला लावलेली खसखस याच झाडाचं बी. तिच्यावर चिकाचा अंश नावालाच असतो, तेव्हा जेवण झाल्यावर येणारी सुस्ती तिच्या माथी मारू नये.)

एका झाडाचा चीक माणसाच्या मेंदूवर एवढा चालतो कसा? याचं उत्तर मिळायला 1973 साल उजाडलं. मॉर्फिन जिथं चिकटतं ते ग्राही आपल्या पेशींवर आधीपासूनच असतात, असं त्या वर्षी दिसून आलं. दोनच वर्षांनी ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी, त्याच ग्राहींना चिकटणारी द्रव्यं सापडली. दुखापतीच्या ऐन वेळी वेदना दाबायला शरीर ती स्वतःच वापरतं. अफू त्या जागा बाहेरून येऊन बळकावते, आणि तेही फार जोरानं.

हे ग्राही कुठं कुठं आहेत एवढं कळलं की अफूचे सगळे गुण-अवगुण आपोआप समजतात. मज्जारज्जूत आहेत, म्हणून वेदनेचा निरोप वर पोचताना अडतो. भावनांशी संबंधित भागात आहेत, म्हणून रुग्ण एक चमत्कारिक वाक्य बोलतो: 'दुखतं, पण त्याचं काही वाटत नाही.' आतड्यात आहेत, म्हणून हालचाल मंदावते आणि शौचाला खडा होतो. नजर पाहिली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. आणि मेंदूच्या तळाशी, जिथून श्वासाची लय चालते, तिथंही आहेत. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की ते केंद्र एरवी दचकून श्वास वाढवतं. अफूखाली ते दचकतच नाही. श्वास विरळ होतो, ओठ निळे पडतात आणि माणूस न तडफडता जातो.

झोळीतल्या पोराला धोका इथंच होता. बाळाचं यकृत अजून कच्चं, मॉर्फिनचा निचरा मोठ्यांपेक्षा कितीतरी सावकाश. कालची मात्रा पुरती उतरलेली नसताना आजची वर चढते. शिवाय गुंगीतलं पोर भूक लागली तरी दूध मागत नाही. उपाशी पोर शांत आहे, असं आईला वाटत राहतं.

मोठ्या माणसात गोष्ट वेगळ्या वाटेनं बिघडते. रोज बाहेरून माल येतो म्हटल्यावर पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि जागं ठेवणारी यंत्रणा जास्त नेटानं ओढू लागते. चढावर भरलेली बंडी ओढणाऱ्या बैलांमागचं ओझं एकदम सुटलं तर ते पुढं उसळतील, तसं अफू तुटल्यावर शरीर उसळतं: जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, रात्र रात्र जागरण. हे बहुधा आठवड्याभरात ओसरतं. ओढ मात्र महिनोन् महिने राहते आणि खरा घात तिथं होतो, कारण तोवर सहनशक्ती उतरलेली असते. जुनीच मात्रा घेतली तरी श्वास थांबू शकतो. अशा वेळी नॅलोक्सोनचं इंजेक्शन मॉर्फिनला ग्राहींवरून हुसकावून मिनिटांत श्वास परत आणतं. पण त्याचा अंमल तासाभरात ओसरू शकतो, म्हणून रुग्णाला दवाखान्यात थांबवावंच लागतं.

इतकं वाचून मॉर्फिनच्या नावानं कुणी कानाला खडा लावणार असेल, तर थांबा. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, चघळून तोंडाचा कर्करोग झालेली माणसं विदर्भातल्या गावोगाव आहेत. गाठ हाडापर्यंत गेली की साध्या गोळ्या पुरत नाहीत, आणि घरचे 'सवय लागंल' म्हणून मॉर्फिन नको म्हणतात. माझ्या मते ही भीती अशा रुग्णावर अन्याय करणारी आहे. डॉक्टरनं वेदना मोजत हळूहळू वाढवलेली मात्रा आणि नशेसाठी घेतलेली अफू यांत फार अंतर आहे. अमली पदार्थांच्या कायद्याचं जाचक कागदकामही 2014 च्या दुरुस्तीनं बरंच हलकं केलं आहे. गुंगी, मळमळ सहसा काही दिवसांत कमी होते. आतडं मात्र मॉर्फिनला कधी सरावत नाही. म्हणून गोळी सुरू झाली की त्याच दिवसापासून पोट साफ ठेवणारं औषधही लागतं. चिठ्ठीवर ते दिसलं नाही तर डॉक्टरांना विचारून घ्या.