गुण सारखे झाले, मग विजेता कोण?

"दोन संघांचे गुण सारखे झाले, की जास्त गोलफरकवाला (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) चॅम्पियन, सगळ्या देशांत हाच नियम." हंगाम संपत आला की नाशिकमधल्या फुटबॉलप्रेमींच्या ग्रुपवर हा मेसेज हमखास येतो. इंग्लंडपुरतं ते खरं आहे. २०११-१२ मध्ये मँचेस्टरचे दोन्ही संघ, सिटी आणि युनायटेड, ८९ गुणांवर होते आणि गोलफरक सिटीचा +६४, युनायटेडचा +५६, म्हणून सिटी चॅम्पियन ठरला. आपल्याकडे इंग्लिश सामने आवडीने पाहिले जातात, त्यामुळे असा समज होणं साहजिक आहे.

स्पेनमध्ये मात्र आधी त्या दोघांमधले सामने बघतात. २००६-०७ चा तक्ता काढा. रेआल माद्रिद आणि बार्सिलोना, दोघांचे ७६ गुण. गोलफरक बार्सिलोनाचा +४५, माद्रिदचा फक्त +२६. तरी चॅम्पियन माद्रिद! कारण आपसातला एक सामना त्यांनी २-० जिंकला होता, दुसरा ३-३ बरोबरीत सुटला. तिथेही बरोबरी असेल तरच एकूण गोलफरक मोजतात. मला तर हाच नियम जास्त पटतो.

खात्री करायची तर त्या लीगची त्या हंगामाची नियमावली उघडा. आणि आपसातले दोन्ही सामने होईपर्यंत स्पेनच्या तक्त्यातही गोलफरकच धरतात, म्हणून अर्ध्या हंगामाचा स्क्रीनशॉट पुरावा ठरत नाही.