एका हॉर्सपॉवरला किती डॉलर? मसल कारच्या हिशोबाची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२३ मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यातून डॉज कंपनीची शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. त्याच महिन्यात मिशिगनमध्ये लॅन्सिंगला शेव्हरोलेच्या कॅमॅरोचे उत्पादन थांबले. फोर्डची मस्टँग तेवढी उरली. दांडगे इंजिन, दोन दारे आणि आवाक्यातली किंमत, अशा या अमेरिकी मसल कार. पैसा वसूल गाडी कोणती, हा वाद मात्र जुन्या गाड्यांच्या बाजारात जोरात आहे, आणि त्यात सगळे पक्ष एकच भागाकार पुढे करतात: किंमत भागिले हॉर्सपॉवर. या भागाकारातला एकही आकडा वाटतो तितका सरळ नाही.

साठच्या दशकाची गोष्ट बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे दोनच गाड्यांची आठवण करून देतो. १९६८ ची प्लिमथ रोड रनर तीन हजार डॉलरच्या आत ३३५ एचपी देत होती. बदल्यात सपाट बाकासारखी सीट आणि खाली गालिच्याऐवजी रबर. दुसऱ्या टोकाला १९६९ ची कॅमॅरो झेडएल-१. इलिनॉयमधल्या एका डीलरने ती ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या शर्यतींसाठी, मागवली. तिच्या संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनापायी किंमत चार हजार डॉलरहून अधिक चढली आणि गाडी सात हजारांच्या वर गेली. जेमतेम ६९ गाड्या बनल्या, पण त्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. आज त्याच गाडीसाठी लिलावात चढाओढ लागते. कागदावर तिची ताकद होती फक्त ४३० एचपी, प्रत्यक्षात बरीच जास्त. विमा कंपन्यांनी हप्ते वाढवू नयेत आणि रेसिंगमध्ये सोयीचा वर्ग मिळावा म्हणून आकडे दाबून सांगण्याची तेव्हा रीतच होती.

खरा गुंता झाला तो १९७१-७२ च्या निर्णयाने. तोपर्यंत अमेरिकेत ‘ग्रॉस’ आकडा छापत. इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवायचे, एअर फिल्टर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि मग जास्तीत जास्त ताकद मोजायची. १९७२ च्या मॉडेलपासून ‘नेट’ आकडा आला, म्हणजे गाडीत असते त्या सगळ्या लवाजम्यासह मोजलेला. निर्णय प्रामाणिक होता, पण वेळ इतकी वाईट की त्याची बदनामी अजून धुऊन निघालेली नाही. नेमके त्याच सुमाराला कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावे म्हणून इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबायचे प्रमाण) उतरवले जात होते, त्यामुळे खरी घट आणि कागदी घट एकमेकींत मिसळली.

कॅमॅरो झेड-२८ चेच बघा. १९७० मध्ये ३६० एचपी, १९७२ मध्ये २५५. दोन वर्षांत १०५ एचपी गायब! ‘मसल कार बहात्तर साली मेली’ म्हणणारे हेच दोन आकडे तोंडावर फेकतात. पण मधले १९७१ हे वर्ष दोन्ही मापांत छापलेले आहे: ग्रॉस ३३०, नेट २७५. म्हणजे कॉम्प्रेशन उतरवल्याने ३० गेले आणि पुढच्या वर्षी आणखी २०. उरलेले ५५, अर्ध्याहून जास्त, कुठेच गेले नव्हते. मोजपट्टी बदलली होती. तेलसंकट आले त्याच्याही पुढे, १९७३ च्या शेवटाला.

हा घोळ आजही जाहिरातींच्या कामी येतो. जुन्या चॅलेंजरच्या ४२६ हेमी इंजिनावर ४२५ एचपी छापलेले असे. २००८ मध्ये चॅलेंजर परत आली तेव्हा तिच्या ६.१ लिटर इंजिनाचा आकडाही नेमका ४२५ होता. बघणाऱ्याला वाटते, आजोबा आणि नातू तुल्यबळ. पण एक ग्रॉस, दुसरा नेट.

नेट आला म्हणून सगळे सुतासारखे सरळ झाले असेही नाही. १९९९ च्या मस्टँग कोब्राची जाहिरात ३२० एचपीची होती; मालकांनी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवल्यावर गाड्या कमी भरल्या, विक्री थांबवावी लागली आणि विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. २००५ पासून साक्षीदारासमोर चाचणी करून आकडा प्रमाणित करायची सोय झाली.

म्हणून भागाकार करायचाच तर अलीकडच्या गाड्यांचा करावा. २०१२ ची कॅमॅरो झेडएल-१: ५८० एचपी, साधारण ५५ हजार डॉलर, म्हणजे एचपीला ९५. पुढच्याच वर्षी मस्टँग जीटी ५०० जवळपास त्याच किमतीत ६६२ एचपी घेऊन आली. हिशोब ८३ वर. मात्र तिच्या मागे अजून दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल होता आणि कॅमॅरोला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. वळणावर हा फरक कळतो, भागाकारात नाही. २०१५ ला चॅलेंजर हेलकॅट: ७०७ एचपी, सुमारे ६० हजार. हिशोब ८५ आणि गाजावाजा सर्वांत जास्त. लाल किल्ली लावली तर पूर्ण ताकद, काळी लावली तर ५००.

ती एवढी स्वस्त कशी? सांगाडा जुना होता. २००५ च्या सुमारास जर्मन भागीदाराचे सुटे भाग उसने घेऊन बनलेला, खर्च केव्हाच वसूल झालेला. वजन दोन टनांच्या आसपास. याउलट २०१७ च्या झेडएल-१ ला नवा, हलका सांगाडा मिळाला. ६५० एचपी आणि ६२ हजार, म्हणजे पुन्हा ९५. माझ्या मते तिघींत गाडी म्हणून हीच सरस. तिच्या १एलई या ट्रॅकसाठीच्या अवतारात जर्मनीतल्या नूर्बर्गरिंग ट्रॅकची फेरी ७ मिनिटे १६ सेकंदांत झाली. पण गिऱ्हाइकाने कौल दिला चॅलेंजरला: २०२१ मध्ये तिने अमेरिकेत मस्टँगलाही मागे टाकले.

शिवाय छापील किंमत म्हणजे दिलेली किंमत नव्हे. एकेकाळी आपल्याकडे स्कूटरला ‘ऑन’ द्यावा लागे, तसाच तिथे गाजलेल्या मॉडेलवर डीलर वरकड रक्कम लावतो. चॅलेंजरच्याच २०१८ च्या डीमन अवताराच्या वेळी (३,३०० गाड्या, सुमारे ८५ हजार डॉलर) कंपनीनेच सांगितले की छापील किमतीत विकलेल्या गाड्या आधी बनतील. तिचे ८४० एचपीही १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवरचे. पंपावरच्या पेट्रोलवर ८०८. २०१६ मध्ये भारतात आलेल्या मस्टँग जीटीला तर हा हिशोब लागूच पडत नाही. किंमत ६५ लाख, तीही एक्स-शोरूम, आणि ताकद अमेरिकेपेक्षा कमी.

आता स्पर्धा अशी उरलीच नाही. २०२४ ची मस्टँग डार्क हॉर्स ५०० एचपीला सुमारे ६० हजार घेत होती, म्हणजे १२०. त्याच घराण्यातली जीटीडी ८१५ एचपीची आहे आणि तीन लाख डॉलरच्या वर.