काश्मीरचा ट्राउट मूळचा काश्मीरचा नाही

मे महिन्यात दादर-ठाण्याहून काश्मीरला निघणाऱ्यांत हल्ली गळाची काठी सोबत घेणारेही असतात. कुणाला पहलगामला लिद्दर नदीत ट्राउट धरायचा असतो, कुणी ऑगस्टमध्ये विशनसर-गंगाबलच्या तळ्यांपर्यंत चढून जातो. हा मासा तिथलाच, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो तिथे येऊन सव्वाशे वर्षंच झाली आहेत.

काश्मीरच्या नद्यांत मासे पूर्वीपासून होतेच, पण ते मुख्यतः कार्पच्या कुळातले. इंग्रज साहेबाला हवा होता त्याच्या गावच्या ओढ्यातला ब्राउन ट्राउट. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला होता, तो फसला. अडचण प्रवासाची होती. अंडी आठवडेच्या आठवडे थंड राहिली तरच जगतात, आणि बोटीचा मार्ग उष्ण समुद्रातून. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने काश्मीरसाठी पाठवलेली पहिली खेप अशीच वाया गेली. १९०० ची दुसरी मात्र तगली. श्रीनगरला गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल यांनी ती पिल्लं वाढवली. एका हौशी माणसाची ही चिकाटी मला फार मोलाची वाटते, कारण १९०९ मध्ये कुलूला ट्राउट पोचला तो काश्मीरमधूनच.

माशासोबत मासेमारीची रीतही आली. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचं वजन लांब नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली माशी, तिला वजन असं नाहीच. त्यामुळे जड ठेवलेली असते ती दोरी, आणि फेक जमते ती तिच्या जोरावर. उन्हाळ्यात पाण्यावर किडे उडू लागले की ट्राउट वर येऊन ते टिपतो, म्हणून ही माशी पाण्यावर तरंगत सोडायची. शरद सरताना मासा अंडी घालतो. काश्मीरमधला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असतो तो त्यामुळेच, आणि परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो.

सह्याद्रीत ट्राउट रुजणं शक्यच नव्हतं. त्याला विशीच्या आतलं तापमान आणि प्राणवायूने भरलेलं वाहतं पाणी लागतं. आपल्या नद्यांचे एप्रिलमध्ये कोमट डोह उरतात. त्या डोहांतही तग धरणारा, गळाला लागला की काठी वाकवणारा मासा आपल्याकडे आहे: महाशीर. पुणे परिसरातल्या नद्यांतला दख्खनी महाशीर ब्रिटिश लष्करातल्या कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आणला. पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळशाच्या महादेवापाशी वैतरणेत आणि महाडकडे वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या राखला आहे. गळबहाद्दर मुंबईकराने ट्राउटइतकंच प्रेम त्याच्यावरही करावं, असं मला मनापासून वाटतं. धरणांनी त्याच्या अंडी घालायला वर जाण्याच्या वाटा अडवल्या. म्हणून लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार करून तलावांत आणि नद्यांत सोडली जात आहेत.