अंद्रेइआ

अंद्रेइआ : धैर्य, शौर्य या अर्थाचे प्राचीन ग्रीक भाववाचक नाम. ‘अनेर’ (षष्ठी ‘अंद्रोस’) म्हणजे प्रौढ पुरुष. त्यावरून ‘अंद्रेइओस’ हे विशेषण आणि विशेषणावरून हे स्त्रीलिंगी नाम बनले. व्युत्पत्तीने मराठी ‘पौरुष’ याला सर्वांत जवळचा; ‘मर्दुमकी’ची घडणही तशीच, मात्र ‘मर्द’चे मूळ ‘मर्त्य’शी जुळते, ‘अनेर’शी नाही.

‘अनेर’ संस्कृत ‘नृ’, ‘नर’ यांचा सगोत्र आहे, याविषयी दुमत नाही. वाद आहे तो आरंभीच्या ‘अ’चा. हा स्वर ग्रीकने उच्चारसौकर्यासाठी मागाहून जोडला, असे जुने व्याकरणकार मानीत. मूळ भारत-युरोपीय शब्दाच्या आरंभी एक कंठ्य व्यंजन होते, ग्रीक व आर्मेनियनमध्ये त्याचा स्वर झाला आणि संस्कृतात ते लोपले, हा नंतरचा पक्ष. लोपताना त्याने मागचा स्वर दीर्घ केला, याला ऋग्वेदातील ‘सूनर’ व ‘विश्वानर’ हे समास साक्षी मानले जातात. यांपैकी ‘विश्वानर’मधील दीर्घत्व पाणिनीने ‘नरे संज्ञायाम्’ या सूत्राने नोंदवले आहे. पण तेच ‘विश्वामित्र’मध्येही आढळते, जेथे ‘मित्र’च्या आरंभी असे व्यंजन मानले जात नाही; त्यामुळे या रूपावर फार भिस्त ठेवता येत नाही. ‘सूनर’चा पुरावा अधिक भक्कम आहे आणि दुसरा पक्षच आज सामान्यतः ग्राह्य धरला जातो.

होमरच्या काव्यांत हा शब्द नाही. तेथे ‘अल्के’, ‘थार्सोस’, ‘मेनोस’ आणि ‘अनेर’वरूनच आलेला ‘एनोरेए’ हे जवळच्या अर्थाचे शब्द येतात. सिमॉनिडीझ या ग्रीक कवीच्या एका कवितेत ‘अंद्रेइआचे शिखर’ असा प्रयोग आहे. मात्र ती कविता अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने पुष्कळ नंतर दिलेल्या उद्धरणातून उरलेली आहे. तेव्हा नाटककार एस्किलसच्या इ. स. पू. ४६७ मधील थीब्झ नगराविषयीच्या नाटकापासून या शब्दाच्या वापराचा आरंभ धरणे अधिक सुरक्षित. हस्तलिखितांत ‘अंद्रिआ’ असे ऱ्हस्व रूपही मिळते. एस्किलसच्या ओळीत ‘द्रेइ’ किंवा ‘द्रि’ हे अक्षर लघू वा गुरू दोन्ही चालेल अशा जागी पडल्याने छंदावरून निवाडा होत नाही.

शब्दात पुरुष असला, तरी प्रयोग पुरुषांपुरता राहिला नाही. सॅलमिसच्या सागरी लढाईत ग्रीकांविरुद्ध इराणी सम्राट झर्कसीझच्या बाजूने जहाजे घेऊन उतरलेल्या आर्टेमिझिया राणीला इतिहासकार हीरॉडोटसने हाच गुण दिला आहे. कॉर्सायरा या ग्रीक बेटावरील यादवीत (इ. स. पू. ४२७) अविचारी धाडसालाच लोक अंद्रेइआ म्हणू लागले, असे इतिहासकार थ्यूसिडिडीझ सांगतो.

प्लेटोच्या ‘लाकेस’ या संवादात या संकल्पनेची चिकित्सा आहे. रांग न सोडता शत्रूला तोंड देणे, ही सेनापती लाकेसची पहिली व्याख्या. माघार घेत लढणाऱ्यांचे काय, असे सॉक्रेटीस विचारतो तेव्हा ती बारगळते. मग ‘आत्म्याची चिकाटी’ आणि दुसरा सेनापती निसियस याने मांडलेले ‘कशाला भ्यावे व कशाला भिऊ नये याचे ज्ञान’ याही व्याख्या टिकत नाहीत. डेलियमच्या लढाईतील अथेन्सच्या पराभवानंतर (इ. स. पू. ४२४) माघारीत लाकेसने सॉक्रेटीसचे धैर्य स्वतः पाहिले होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे.

ॲरिस्टॉटल या गुणाला भय व आत्मविश्वास यांमधील मध्य मानतो. एका टोकाला भ्याडपणा, दुसऱ्या टोकाला आततायीपणा. खरी अंद्रेइआ तो युद्धातील उदात्त मृत्यूच्या संदर्भात पाहतो. नागरी लाज, अनुभव, आवेश, आशावाद व अज्ञान यांतून येणारी पाच रूपे केवळ तिच्यासारखी दिसणारी, असे तो म्हणतो. पुरुषाची अंद्रेइआ आज्ञा देण्याची, स्त्रीची आज्ञा पाळण्याची, हा त्याचा भेद मात्र आर्टेमिझियाच्या उदाहरणाशी जुळत नाही.

स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी तिला मुख्य चार सद्‌गुणांत ठेवले. ‘नव्या करारा’त हे नाम येत नाही, त्याच धातूचे ‘पुरुषासारखे वागा’ हे क्रियापद करिंथकरांस पहिल्या पत्रात एकदा येते. क्रीटमधील पुरुषांच्या सामुदायिक भोजनांना ‘अंद्रेइआ’ म्हणत. ते नपुंसकलिंगी अनेकवचन असून या नामाहून निराळे. आधुनिक ग्रीकमध्ये शब्द टिकून आहे, उच्चार मात्र ‘अंद्रिआ’.