लॅबव्ह्यू : नव्या आवृत्तीनंतरचे क्रॅश व त्यांचे निदान

लॅबव्ह्यू हे मोजमाप, चाचणी आणि यंत्रनियंत्रण यांसाठीचे ग्राफिकल प्रोग्रॅमिंगचे सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रोग्रॅम ओळींनी लिहिला जात नाही; ब्लॉक डायग्रॅमवर मांडलेली चिन्हे तारांनी जोडून तो रचला जातो, आणि बटणे, आकडे व आलेख असलेल्या त्याच्या दर्शनी भागाला फ्रंट पॅनेल म्हणतात. अशा एका प्रोग्रॅमला ‘व्हीआय’ हे नाव आहे. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने १९८६ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी त्याची पहिली आवृत्ती आणली. जेफ कोडोस्की हे त्याचे जनक मानले जातात. नवी आवृत्ती बसवल्यावर कालपर्यंत विनातक्रार चालणारा प्रोग्रॅम मध्येच बंद पडणे, किंवा एखादी फाइल उघडताच सगळे लॅबव्ह्यूच बंद होणे, हा प्रकार या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. मात्र क्रॅश नव्या आवृत्तीत दिसला, एवढ्यावरून दोष नव्या आवृत्तीचाच ठरत नाही. पुष्कळदा तो जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे दडून बसलेला असतो.

याचे कारण लॅबव्ह्यूच्या घडणीत आहे. व्हीआय उघडला की तो त्या आवृत्तीच्या कंपायलरने यंत्रभाषेत उतरवलेला असावा लागतो, आणि आवृत्ती बदलली की हे काम नव्याने होते. २००९ च्या आवृत्तीत कंपायलरमध्ये डायग्रॅमचे एक मधले रूप तयार होऊ लागले, तर २०१० पासून एलएलव्हीएम हा कंपायलर-संच वापरात आला. ज्या दोन नोडांमध्ये, म्हणजे डायग्रॅमवर एकेक काम करणाऱ्या चिन्हांमध्ये, तार नाही, त्यांपैकी आधी कोणता चालेल याची हमी ही भाषा मुळातच देत नाही. त्यामुळे उपकरणाशी असलेली जोडणी बंद करणारा नोड आणि तिच्यावरून वाचणारा नोड एररच्या तारेने, म्हणजे एका नोडातून पुढच्या नोडाकडे चुकीची माहिती नेणाऱ्या तारेने, बांधलेले नसतील, तर जुन्या आवृत्तीत केवळ योगायोगाने सांभाळला गेलेला क्रम नव्या आवृत्तीत उलटू शकतो.

सर्वांत अवघड क्रॅश येतात ते बाहेरच्या डीएलएल फाइलमधील, म्हणजे इतर भाषांत लिहून तयार ठेवलेल्या कोडच्या फाइलमधील, फंक्शन बोलावणाऱ्या नोडातून, म्हणजे कॉल लायब्ररी फंक्शन नोडातून. समजा, एखाद्या तापमापकाला त्याचे नाव विचारणारे फंक्शन उत्तरादाखल ८० बाइट लिहिते, आणि नोडच्या मांडणीत त्या अक्षरमालेसाठी किमान आकार दिलेलाच नाही. अशा वेळी फंक्शन आपल्या वाट्याच्या जागेपलीकडे लिहीत जाते. पलीकडे महत्त्वाचे काही नसेल तोवर कोणाला काही कळत नाही. नव्या आवृत्तीत मेमरीची मांडणी बदलली की त्याच जागी लॅबव्ह्यूला हवी असलेली माहिती येते आणि ती पुसली जाते. नशीब चांगले असेल तर बाह्य फंक्शन चालताना बिघाड झाल्याचे सांगणारी एरर १०९७ दिसते, नाहीतर प्रोग्रॅम त्या क्षणी सुरळीत चालतो आणि काही मिनिटांनी, कधी तर व्हीआय बंद करताना, भलत्याच ठिकाणी कोसळतो. त्यामुळे क्रॅश जिथे झाला त्या जागेपेक्षा त्याच्या आधी कोणते बाह्य फंक्शन चालले होते याला अधिक महत्त्व द्यावे. नोडमधील एरर तपासणीची पातळी ‘मॅक्झिमम’ केली तर असे जागेबाहेरचे लिखाण पकडले जाण्याची शक्यता वाढते. वेग कमी होत असल्याने शोध संपल्यावर ती पूर्ववत करावी. ३२ बिट आवृत्तीवरून ६४ बिट आवृत्तीवर जाताना डीएलएलही ६४ बिटचीच लागते आणि पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतील जागेच्या पत्त्याचा, आकार ४ बाइटांवरून ८ बाइट होतो. पॉइंटर ३२ बिटच्या साध्या अंकात साठवणारा जुना डायग्रॅम तिथे टिकत नाही.

प्रत्यक्ष तपासाआधी संपूर्ण प्रकल्पाची प्रत वेगळी ठेवणे अनिवार्य आहे, कारण नव्या आवृत्तीत सेव्ह झालेला व्हीआय जुनी आवृत्ती उघडू शकत नाही. एकाच संगणकावर दोन आवृत्त्या शेजारी नांदू शकतात. पण फाइलवर डबल क्लिक केल्यास ती हव्या त्याच आवृत्तीत उघडेल याची खात्री नसते, म्हणून आधी लॅबव्ह्यू सुरू करून मग त्यातून फाइल उघडावी. त्यानंतर ‘टूल्स’ मेनूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागातून कंपाइल केलेल्या कोडचा साठा रिकामा करावा आणि प्रतीवर मास कंपाइल, म्हणजे फोल्डरातील सगळे व्हीआय एकदम नव्याने कंपाइल करण्याची सोय, चालवावे. मास कंपाइलच्या नोंदीत ‘बॅड व्हीआय’ म्हणून आलेली नावे पाहिली की हरवलेल्या किंवा न जुळणाऱ्या फाइलींचा माग लागतो. डीएक्यूएमएक्ससारखे ड्रायव्हर, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांशी लॅबव्ह्यूला जोडणारी सॉफ्टवेअरे, नव्या आवृत्तीला चालणारे आहेत की नाहीत हेही याच टप्प्यावर पाहावे. रिकामे लॅबव्ह्यूच उघडत नसेल, तर त्याच्या फोल्डरमधील, सेटिंग साठवणाऱ्या आयएनआय फाइलचे नाव बदलून पाहावे. ती नव्याने तयार होते आणि जुन्या सेटिंगचा संशय तेवढ्यापुरता फिटतो.

एवढे करूनही क्रॅश राहिला तर तो घेरावा लागतो. डायग्रॅम डिसेबल स्ट्रक्चर या आतला कोड न चालवणाऱ्या चौकटीने निम्मा भाग निष्क्रिय करून प्रोग्रॅम चालवावा. क्रॅश थांबला तर दोष त्या निम्म्यात आहे असे प्रथम धरून त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. मेमरीच्या बिघाडात मात्र ही पद्धत फसवते, कारण काहीही काढले तरी मांडणी हलते आणि लक्षण नाहीसे होते. म्हणून प्रत्येक निष्कर्ष तो भाग परत घालून पडताळावा. उघडताच आपोआप चालू होणारा व्हीआय पाहायचा असेल, तर तो कोऱ्या व्हीआयच्या ब्लॉक डायग्रॅमवर सबव्हीआय, म्हणजे दुसऱ्या व्हीआयच्या आतला व्हीआय, म्हणून ठेवावा आणि तिथून उघडावा; मग तो स्वतःहून धावत नाही. कुठवर पोहोचलो हे टप्प्याटप्प्याने फाइलमध्ये लिहायचे असेल, तर प्रत्येक ओळीनंतर ती डिस्कवर उतरवावी, अन्यथा नेमकी शेवटची ओळ क्रॅशबरोबर जाते. डॉक्युमेंट्समधील ‘लॅबव्ह्यू डेटा’ या फोल्डरात क्रॅशचे अहवाल साठतात. ते कंपनीच्या साहाय्यविभागाकडे पाठवताना सोबत दोनचार नोडांचा, तोच क्रॅश हमखास घडवणारा छोटा व्हीआय जोडावा. तो तयार करता करताच अनेकदा खरा दोषी नोड हाती लागतो.