फ्लेकी टेस्ट आणि बिटकॉइनचे ते पाच सेकंद

प्रोग्रॅम तोच, मशीन तेच, इनपुट तेच, म्हणजे उत्तरही दर वेळी तेच येणार, असं बहुतेकांना वाटतं. एकट्याने चालणाऱ्या प्रोग्रॅमबाबत ते बरंचसं खरंही आहे. पण काम अनेक नोडनी, म्हणजे जाळ्यात जोडलेल्या प्रोग्रॅमनी, आपसात बोलून करायचं असलं, की एखादी ऑटोमेटेड टेस्ट सकाळी पास होते आणि कोडमधलं एक अक्षरही न बदलता दुपारी फेल होते. हीच फ्लेकी टेस्ट. अपाची या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या प्रकल्पांमधल्या अशा टेस्टचा २०१४ साली अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ४५ टक्के प्रकरणांत मूळ एकच निघालं: टेस्ट उत्तराची नीट वाट पाहत नव्हती.

ब्लॉकचेन हा तर वाट पाहण्याचाच कारभार. बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर म्हणजे बिटकॉइन कोअर. त्याच्या टेस्ट एकाच मशीनवर काही नोड उभे करतात, तेही ‘रेगटेस्ट’ नावाच्या खासगी जाळ्यात. खऱ्या जाळ्यात ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा नवा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी येतो; इथे हुकूम दिला की तयार. त्यामुळे ब्लॉकचा फारसा त्रास नाही. त्रास होतो तो एका नोडवरचा व्यवहार दुसऱ्या नोडपर्यंत पोचण्याचा.

नोडला नवा व्यवहार मिळाला की तो लगेच शेजाऱ्यांना सांगत नाही, मुद्दाम थांबतो. लगेच सांगितला असता, तर जाळ्यात जागोजागी कान लावून बसलेल्याला व्यवहार मुळात कुणी सोडला हे ताडता आलं असतं. ज्या शेजाऱ्यांनी आपण होऊन जोडणी केली, त्यांच्यासाठी हा विलंब सरासरी ५ सेकंद. आपण ज्यांच्याशी जोडणी केली, त्यांच्यासाठी २ सेकंद. दर वेळचा प्रत्यक्ष आकडा यादृच्छिक असतो. त्याला स्मृतीही नसते: दहा सेकंद थांबून झाले, तरी पुढची अपेक्षित प्रतीक्षा पाचच सेकंदांची. थांब्यावर ताटकळल्याने एसटी जवळ येत नाही, तसं.

आता टेस्ट लिहिणारा म्हणतो, सरासरी ५ ना, मग टाइमआउट, म्हणजे टेस्टने वाट पाहण्याची मर्यादा, दुप्पट, १० सेकंद ठेवू. त्या वेळात व्यवहार न पोचण्याची शक्यता किती? १० भागिले ५ म्हणजे २, म्हणून ई, म्हणजे साधारण २.७१८, या संख्येचा उणे दोनावा घात: १३.५ टक्के. सात-आठ वेळा चालवली की एकदा फेल! २० सेकंद दिले तर उणे चौथा घात, १.८ टक्के. ४० दिले तर सुमारे तीन हजारांत एकदा. टाइमआउट दुप्पट केला की अपयशाच्या शक्यतेचा वर्ग होतो, आणि एकाहून लहान संख्येचा वर्ग किती झपाट्याने खाली येतो ते पाहा. ६० सेकंदांवर उरतात दहा लाखांत सहा. बिटकॉइन कोअरच्या टेस्टमध्ये नोड जुळण्यासाठीची नेहमीची मर्यादा ६० सेकंदच आहे. म्हणून टाइमआउट ठरवताना सरासरीकडे नव्हे, वक्राच्या शेपटीकडे, म्हणजे क्वचित होणाऱ्या लांबलचक विलंबांकडे, बघायचं.

टाइमआउट वाढवला की टेस्ट रेंगाळतील, ही भीतीही चुकीची. टेस्ट थोड्या थोड्या वेळाने ‘पोचला का?’ विचारत राहते. तिसऱ्या सेकंदाला पोचला तर तिसऱ्या सेकंदाला पुढे जाते. रेंगाळते ती ‘स्लीप ४०’, म्हणजे काहीही झालं तरी ४० सेकंद थांब, असं लिहिलेली टेस्ट.

फेल झाली, रिरन मारला, पास झाली, विषय संपला, ही पद्धत मात्र मला शुद्ध अंधश्रद्धा वाटते. १३.५ टक्के अपयशाची टेस्ट दुसऱ्या खेपेला बहुधा पास होणारच. त्यातून कोड बरोबर आहे हे सिद्ध होत नाही. खरा दोषही अशाच वेळी निसटतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे यादृच्छिकताच काढून टाकणं. टेस्टमधल्या शेजाऱ्याला ‘नोबॅन’ परवानगी दिली की नोड त्याला न थांबता व्यवहार कळवतो. वेळेवरच अवलंबून असलेल्या गोष्टींसाठी ‘सेटमॉकटाइम’ ही नोडला खोटी वेळ सांगणारी आज्ञा आहे. अडकून पडलेला व्यवहार मेमपूलमधून, म्हणजे ब्लॉकमध्ये जाण्याची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यातून, ३३६ तासांनी, म्हणजे १४ दिवसांनी, काढला जातो. टेस्ट नोडचं घड्याळ तेवढं पुढे सरकवते आणि क्षणात निकाल बघते.

तरीही मशीनचा संथपणा उरतोच. मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंड या साधनाखाली तोच नोड कितीतरी पट हळू चालतो. तिथे शंभर फाइलींतले आकडे बदलत बसायचं नाही. ‘टाइमआउट-फॅक्टर’ हा एकच गुणक सगळ्या मर्यादा ताणतो. तो ० दिला तर मर्यादा जवळजवळ उठतेच, आणि डीबगर लावून एकेक ओळ तपासणाऱ्याला तेच हवं असतं.