अनुस्फुरक संवेदक (धातुप्रदूषणासाठीचे)

धातूचा आयन (विद्युतभारित अणू) बांधला जाताच ज्याच्या अनुस्फुरणाचा, म्हणजे प्रकाश शोषून लगेच वेगळ्या रंगाचा प्रकाश देण्याच्या क्रियेचा, रंग वा तीव्रता बदलते, असा रेणू. आयन धरणारा ग्राही आणि प्रकाश देणारा अनुस्फुरक असे त्याचे साधारणतः दोन भाग असतात. ग्राहीतील नायट्रोजनचे मोकळे इलेक्ट्रॉन अनुस्फुरकाकडे जात असल्याने पुष्कळ संवेदक एरवी मंद असतात. जस्ताचा आयन ते इलेक्ट्रॉन गुंतवतो आणि दीप्ती वाढते. तांबे व पारा बहुधा उलट परिणाम करतात, म्हणजे दीप्ती विझवतात. त्यामुळे त्यांच्यासाठी, धातू बांधला जाऊन रेणूतील वलय उघडताच गुलाबी होणारी, ऱ्होडामीन या रंजकाची संयुगे सोयीची ठरली.

या पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. ब्रिटिश भौतिकीविज्ञ स्टोक्स यांचे अनुस्फुरणावरील विवेचन १८५२ मधील असले, तरी ते धातुशोधन नव्हे. मोरिन या वनस्पतिज पिवळ्या रंगद्रव्याने ॲल्युमिनियम ओळखण्याचे श्रेय स्विस रसायनज्ञ गोपेल्सरोडर यांना देतात. त्याचे वर्ष बहुधा १८६७, क्वचित १८६८ असे दिले जाते. हेतुपूर्वक रचलेला रेणू हीच अट मानणारे अभ्यासक रसायनज्ञ त्सिएन यांच्या कॅल्शियमदर्शकांपासून व रसायनज्ञ डी सिल्व्हा यांच्या संवेदकांवरील कामापासून, म्हणजे सुमारे १९८० नंतर, आरंभ धरतात. बंधनामुळे दीप्ती बदलणे हे मुख्य लक्षण असल्याने गोपेल्सरोडर यांच्यापासून आरंभ धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

हळदीतील कुर्क्युमीन हे पिवळे द्रव्यही अनुस्फुरक असून त्याच्या दोन ऑक्सिजन अणूंमध्ये धातू पकडला जातो. हळदीचा स्पिरिटमधील अर्क अतिनील दिव्याखाली पोपटी-पिवळा चमकतो. त्यात मोरचुदाचे (तांब्याच्या सल्फेटाचे) पाणी थेंबाथेंबाने सोडल्यास चमक मंदावते. लोहानेही तसेच होते, म्हणून एवढ्यावरून तांब्याचे निदान करता येत नाही.

सांगली जिल्ह्यातील तासगाव भागातील द्राक्षबागांत मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातील तांबे मातीच्या वरच्या थरात, विशेषतः सेंद्रिय द्रव्याला चिकटून, साठत जाते. संवेदक प्रामुख्याने मोकळ्या आयनाला प्रतिसाद देतो. जखडलेले तांबे त्याला दिसत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात (आयएस १०५००) तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०५ मिग्रॅ., शिशाची ०.०१ मिग्रॅ. आहे. विहिरीच्या पाण्याची प्राथमिक पाहणी संवेदकाने जागेवर करता येते. मातीतील एकूण तांब्यासाठी मात्र नमुना आम्लात विरघळवून अणुशोषण वर्णपटमापकासारख्या (अणूंनी शोषलेल्या प्रकाशावरून धातू मोजणाऱ्या) प्रयोगशाळेतील उपकरणावर मोजावा लागतो.